मोठा होण्यासाठी चोरी आणि माझ्या वर्गातली चोरी



'श्यामची आई' तुमच्यापैकी बहुतेकांनी वाचलं असेल. त्यात 'मोठा होण्यासाठी चोरी' नावाची एक रात्र आहे. श्यामला वाचून मोठं व्हायचंय, पुस्तकं हवीत, हातात पैसे नाहीत, म्हणून तो चोरी करतो आणि शेवटी आईजवळ कबूल होतो. मी हा भाग वर्गात बऱ्याचदा वाचून दाखवला आहे. वाचून झालं की फळ्यावर लिहायचे, 'चोरी करणे वाईट आहे.' मुलं वहीत उतरवून घ्यायची. झाला पाठ.

मग माझ्याच वर्गात चोऱ्या सुरू झाल्या.

चौथीचा वर्ग, घाटंजी तालुक्यातलं गाव, कापसाचा हंगाम. आधी एकीची कंपास गेली, मग दुसरीचा हेअरबँड, मग माझा पेन. एक दिवस पर्समधले पन्नास रुपये गेले. त्या दिवशी मी जे केलं ते सांगायला आजही जड जातं. सगळ्यांची दप्तरं टेबलावर उलटी केली. पन्नासची नोट सापडली नाही, पण एका मुलाच्या दप्तरातून माझा पेन निघाला. "मॅडम, यानंच माह्यावाली कंपास नेली जी," पोरगी ओरडली. मी त्याला फळ्याजवळ उभं केलं. तासभर. त्या दिवसापासून वर्गात त्याला नाव राहिलं नाही, नुसता 'चोर' राहिला. ते नाव मुलांनी ठेवलं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते.

त्याचे वडील दोन वर्षांपूर्वी औषध प्यायले. आपल्या जिल्ह्यात याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आई काही महिन्यांनी माहेरी गेली, ती तिकडचीच झाली. पोरगा आजीजवळ. मी घरी गेले तेव्हा आजीनं ज्वारीच्या कोठीमागून सिमेंटची एक थैली ओढून काढली. कंपास, हेअरबँड, खडू, कोणाच्या तरी पाण्याच्या बाटलीचं झाकण. काहीच वापरलेलं नव्हतं. पन्नास रुपयांचे त्यानं कुरकुरे आणून अख्ख्या गल्लीतल्या पोरांना वाटले होते. "मारू मारू थकली मी, बाई," आजी म्हणाली. "पोट्टा असाच करून राह्यला."

आता तुम्ही म्हणाल, डी.एड.ला बालमानसशास्त्र शिकलात ना? शिकले. फ्रॉइड आम्हाला दोन पानांत संपला होता. नेणीव, दमन, प्रक्षेपण, उदात्तीकरण, प्रत्येकाचं एक उदाहरण, पाच गुण. पाठ केलं, गुणही मिळाले. त्या थैलीसमोर त्यातलं एकही वाक्य कामी आलं नाही.

कामी आलं ते पुढे वाचलेलं. डोनाल्ड विनिकॉट हे इंग्लंडमधले मुलांचे डॉक्टर, पुढे मनोविश्लेषक झाले. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हा बॉम्बच्या भीतीनं लाखो इंग्लिश मुलांना शहरांतून उचलून खेड्यांत, परक्या घरांत पाठवलं होतं. काही मुलं तिथे अंथरूण ओलं करू लागली, चोऱ्या करू लागली, पळून जाऊ लागली. कोणत्याच घरात न टिकणाऱ्या अशा मुलांसाठी ऑक्सफर्डशायरमध्ये वसतिगृहं काढली होती. विनिकॉट तिथे सल्ला द्यायला जात. हे वाचताना मला आश्रमशाळेच्या दारात सहा-सात वर्षांचं लेकरू सोडून मागे वळून न पाहता एसटीकडे चालत जाणारे आईबाप आठवले.

विनिकॉटचं म्हणणं थोडक्यात असं. ज्या मुलाला काहीतरी चांगलं मिळालं होतं आणि मग ते हातातून गेलं, ते मूल चोरी करतं. त्याला ती वस्तू नको असते. ज्यावर आपला हक्क होता असं काहीतरी ते शोधत असतं, आणि ते म्हणजे बहुतेक वेळा आई. पुढचं वाक्य वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. अशी चोरी हे आशेचं लक्षण आहे, असं ते म्हणतात. ज्याची आशाच मेली ते मूल शांत बसतं, त्रास देत नाही, आणि आपण त्याला 'शहाणं' म्हणतो.

१९५६ च्या एका लेखात त्यांनी दोन मुलांची हकीकत दिली आहे. पहिल्याला त्यांनी स्वतः उपचाराला घेतलं. त्यानं दवाखान्याच्या तळघरात पाणी सोडलं, डॉक्टरांना तीन वेळा चावला, शेवटी सुधारशाळेत गेला. म्हणजे हे जादूचं औषध नाही, हे सांगायला ते लाजले नाहीत. दुसरा एका ओळखीच्या बाईंचा मुलगा, दुकानांत चोऱ्या करणारा. त्याला डॉक्टर भेटलेही नाहीत. बाईंना एवढंच म्हणाले, की त्याला सांगा, तुला त्या वस्तू नको असतात, तुझ्या हक्काचं काही तू शोधतोयस, आमचं प्रेम मिळत नाही असं तुला वाटतं. आईनं सांगितलं, आणि मुलाला ते चटकन पटलं.

मीही सांगून पाहिलं. मधल्या सुट्टीत, खिचडीची ताटं धुवून झाल्यावर, पंपाजवळ. म्हटलं, "तुले पेन नव्हता पाहिजे ना? दुसरंच काही पाहिजे होतं का?" तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. इंग्लंडच्या मुलासारखं चटकन काही पटलं वगैरे नाही. घंटा झाली तेव्हा फक्त म्हणाला, "तुमी उद्या येता न जी?"

त्या प्रश्नानं मला हजेरीपट उघडायला लावला. बीएलओचं काम, प्रशिक्षण, पंचायत समितीची बैठक, पुन्हा प्रशिक्षण. कंपास गेली ती माझ्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणानंतर. पन्नास रुपये गेले ते मी आठवडाभरानं परत आले त्या सकाळी. सगळ्याच तारखा जुळल्या असं नाही, पण इतक्या जुळल्या की मला नजर चुकवता येईना. त्याला सोडून जाणाऱ्यांत एक मीही होते, आणि तेही सरकारी कामावर.

आता परत श्यामकडे. मनोविश्लेषणाचा चष्मा साहित्याला लावायचा म्हटलं की काही लोक लगेच लेखकालाच रुग्ण करून टाकतात. आईवर एवढं प्रेम? मातृगंड! बस, पुस्तक मिटलं. मला हे आळशी वाटतं. पाच गुणांच्या उत्तरासारखंच.

पण फ्रॉइडनंच १९२० च्या पुस्तकात लिहून ठेवलेली एक छोटी गोष्ट बघा. त्याचा दीड वर्षाचा नातू आई बाहेर गेली तरी रडत नसे. तो दोरा बांधलेलं रीळ पाळण्याच्या पडद्यापलीकडे फेकायचा आणि 'ओ-ओ' करायचा, म्हणजे 'गेलं'. मग दोरा ओढून रीळ परत आणायचा आणि खुशीत 'डा', म्हणजे 'हे बघ, इथंय'. आई जाते-येते ते त्याच्या हातात नव्हतं. रिळाचं जाणं-येणं होतं.

साने गुरुजींची आई १९१७ मध्ये गेली, तेव्हा ते शिकायला दूर होते. शेवटची भेट झाली नाही. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी हे पुस्तक लिहायला घेतलं आणि बहुतेक भाग चार-पाच दिवसांत उतरवून काढला. बेचाळीस रात्री श्याम गोष्ट सांगतो आणि रोज रात्री आई परत येते. कधी पोहायला घाबरून लपलेल्या पोराला बाहेर काढून बडवते, कधी कुशीत घेते. मग शेवटच्या रात्रींत तो तिला जाऊ देतो. मला ते रीळच दिसतं. आणि हेही दिसतं, की चोरीच्या रात्री श्यामजवळ कबूल व्हायला आई होती. माझ्या वर्गातल्या मुलाला कबूल व्हायला कोणी नव्हतं. त्यानं थैली लपवायची ती आजीच्या कोठीमागे, सापडेल अशा जागी लपवली होती, हेही मला उशिरा कळलं.

मी तो भाग पुन्हा वाचून दाखवला. फळ्यावर काही लिहिलं नाही. फक्त विचारलं, श्यामला काय पाहिजे होतं? "पुस्तकं", "पैसे", "मोठं व्हाचं होतं". मागून एकजण म्हणाला, "त्याच्या मायनं त्याले शाबास म्हनाव, असं." ते त्यानंच म्हटलं असं लिहिलं असतं तर गोष्ट छान झाली असती. तो बोलला नाही. खिडकीबाहेर पाहत होता. पण दुसऱ्या दिवशी त्यानं ते पुस्तक घरी न्यायला मागितलं. मी दिलं.

तेव्हापासून बाहेर कामाला जायचं असलं की मी आदल्या दिवशी वर्गाला सांगते, कोणत्या वारी परत येणार ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते. पाच मिनिटांचं काम. चोऱ्या कमी झाल्या, बंद नाही झाल्या. 'चोर' हा शब्द वर्गातून जायला मात्र वर्ष लागलं, आणि त्याला आणलं होतं मीच. आपण डॉक्टर नाही, हेही मला माहीत आहे. रात्री दचकून उठतो असं आजीनं सांगितल्यावर आम्ही त्याला यवतमाळला सरकारी दवाखान्यात दाखवून आणलं.

या उन्हाळ्यात माझी बदली आहे. यादी लागली त्या दिवशीच वर्गाला सांगितलं, तारखेसकट. परवा टेबलावरची शाळेची किल्ली दिसेना. कोणाचंच दप्तर उघडलं नाही. शाळा सुटल्यावर त्याला म्हटलं, "चल, खिडक्या लावू लाग." एकेक खिडकी लावून झाली, दार ओढलं, कडी घातली. त्यानं खिशातून किल्ली काढली, स्वतःच कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.