देवास ते धार : जाताना बस, येताना गाडी

देवासचे नाव निघाले की आपल्या भागात कुमार गंधर्वांची आठवण निघतेच. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा हा कानडी घरातला मुलगा क्षयाच्या आजारात कोरडी हवा हवी म्हणून १९४८ मध्ये देवासला गेला आणि तिथलाच झाला. आमच्या घरात मात्र देवास म्हटले की आधी आठवते ती मावशी. तीही लग्न होऊन बेळगावहून तिकडे गेली. माळव्यात पन्नास वर्षे काढली, मराठीत हिंदी मिसळली, पण लांबून बस दिसली की तिच्या तोंडून अजूनही 'बंतु, बंतु!' असेच निघते.

मागच्या थंडीत मी तिच्याकडे गेले होते. तिची नणंद धारला असते. दोघींनी पंचाहत्तरी ओलांडलेली. रोज फोन होतो, पण तीन वर्षांत गाठभेट नाही. मी म्हटले, "मावशी, एक गाडी करू या. सकाळी निघू, रात्री परत."

"दोघींसाठी अख्खी गाडी कशाला गं? बसनी जाऊ."

"मग तीन वर्षांत का नाही गेलीस?"

"जायला बस मिळते गं. परत यायला कधी मिळेल, ते कोण सांगणार?"

तेव्हा मला या बोलण्याचा अर्थ नीट कळला नाही.

देवास आणि धार ही दोन्ही पवारांची संस्थाने. देवासला तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात नांदल्या. धारच्या किल्ल्यात दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. इतकी जवळची ही गावे, पण मधे इंदूर. देवासहून इंदूर चाळीसेक किलोमीटर आणि तिथून धार साठेक. देवासला रेल्वे पूर्वीपासून आहे. धारवरून जाणाऱ्या इंदूर-दाहोद रेल्वेमार्गाची पायाभरणी २००८ मध्ये झाली, पण काम वर्षानुवर्षे रेंगाळले. धारकरांची सारी भिस्त रस्त्यावरच राहिली.

सकाळी देवासहून इंदूरला आलो. सरवटे बसस्थानक, नाव ऐकूनच आपल्या माणसांत आल्यासारखे वाटते. इंदूरची स्वच्छता आता देशभर माहीत आहे, पण मला जास्त कौतुक वाटले ते तिथल्या ओल्या कचऱ्याचे. २०२२ मध्ये देवगुराडियाला रोज ५५० टन ओला कचरा जिरवून गॅस तयार करणारा प्रकल्प सुरू झाला. त्या गॅसवर शहरातल्या बस धावतात. भाजीची देठे आणि आंब्याच्या साली माणसांना कामावर पोचवतात म्हणा ना!

गंगवाल स्थानकावर धारची खासगी बस उभी होती. 'धार, धार' असा पुकारा चालू होता, पण गाडी हलेना. भरल्याशिवाय निघायचे नाही, हा तिथला शिरस्ता. पाऊण तास इंजिन चालूच. वैतागून मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला.

देवास-धार जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. लिटरला पंधरा किलोमीटर चालणाऱ्या मोटारीला सुमारे तेरा लिटर पेट्रोल लागते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे तीस किलो, आम्हा दोघींच्या वाट्याला पंधरा-पंधरा. बस लिटरला पाच किलोमीटर चालते असे धरले तर तिला चाळीस लिटर डिझेल लागेल. पण आत चाळीस माणसे असली, तर माणशी एकच लिटर! त्याचा कार्बन २.७ किलो. कुठे पंधरा आणि कुठे पावणेतीन?

मग बसमध्ये आठच माणसे आहेत असे धरून पाहिले. माणशी पाच लिटर, साडेतेरा किलो. मोटारीच्या जवळपास तितकेच! म्हणजे बसचे पुण्य तिच्या इंजिनात नाही, भरलेल्या बाकांत आहे. आणि बाके भरायची तर लोकांचा बसवर भरवसा हवा.

बेटमा, घाटाबिल्लोद करत धारला पोचलो. दाराशी नणंद उभीच होती. दोघी एकमेकींचे हात धरून नुसत्या बसून राहिल्या. बोलायचे ते फोनवर रोजच होत होते, भेटायचे तेवढे राहिले होते.

संध्याकाळी स्थानकावर आलो, तर सहाची म्हणून सांगितलेली बस आलीच नाही. "सवारी कम थी," एवढेच उत्तर. सात वाजले, आठ वाजले. मावशी थंडीने कुडकुडू लागली. अखेर गाडी करावी लागली. पैसे गेले ते गेलेच, वहीतला हिशेबही बुडाला.

त्या रात्री मावशीच्या बोलण्याचा अर्थ कळला. मध्य प्रदेशाचे राज्य परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय २००५ मध्ये झाला. पुढे बस राहिल्या त्या मुख्यतः खासगी मालकांच्या. जिथे गर्दी तिथे बसच बस, पण संध्याकाळच्या रिकाम्या फेरीला कोणी वाली नाही. फेरी बुडते म्हणून माणसे दुचाकी-मोटार घेतात, आणि त्यांनी ती घेतली म्हणून फेरी आणखी बुडते. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने 'मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा' मंजूर केली. वीस वर्षांनी का होईना, चूक ध्यानात आली म्हणायची.

आणि आपण? सीमाभागात आपल्याला एक नव्हे, दोन परिवहन मंडळे लाभली आहेत. इकडे वायव्य कर्नाटकची बस, तिकडे महाराष्ट्राची एसटी. २०२३ मध्ये कर्नाटकाने बायकांना मोफत प्रवास दिला, महाराष्ट्राने अर्धे तिकीट केले. गर्दी वाढली म्हणून आपण कुरकुरतो. पण ती गर्दी म्हणजेच माणशी एक लिटर! बसची खिडकी खडखडते, मान्य. तरी आठ माणसांसाठीही संध्याकाळची फेरी सुटते, ही केवढी मोठी गोष्ट, हे धारच्या स्थानकावर कुडकुडल्याशिवाय कळत नाही.

पुढच्या लग्नाला कोल्हापूरला किंवा धारवाडला जाताना दाराशी मोटार काढण्याआधी एकदा बसचे वेळापत्रक पाहावे, एवढेच मागणे. आपण बसलो तर बस राहील.

परवा मावशीचा फोन आला होता. म्हणाली, "तुमच्याकडे लाल बस अजून वेळेवर येते ना गं? मग बसत जा. नंतर माझ्यासारखी वाट बघू नकोस."