डाख न देता

डाख देताना राळेचा धूर नाकाशी आला की मला हमखास लहानपणी चाळीच्या अंगणात भाता मारत बसणारा कल्हईवाला आठवतो. नवसागराची चिमूट, भसकन उठलेला पांढरा धूर, आणि काळवंडलेल्या पातेल्याच्या पोटात क्षणात पसरलेलं चांदणं. ते कायमचं, असं मला तेव्हा वाटे. पण काही महिन्यांत पातेलं पुन्हा त्याच्यापुढे जाई.

गिटारची पेडल्स घरी बनवू लागलो तेव्हा मीही सगळं कायमचंच करत होतो. तळहाताएवढी ॲल्युमिनियमची डबी, दोन जॅक, नऊ पायांचा फूटस्विच, आणि मध्ये डझनभर तारांनी जखडलेला बोर्ड. पहिलं केलं ते गिटारचा सूर गुरगुरता करणारं फझ फेस. १९६६ साली लंडनमध्ये माईकच्या स्टँडच्या बैठकीसारख्या गोल डब्यातून आलेलं, अवघ्या दोन ट्रान्झिस्टरांचं सर्किट. त्यातले जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर उष्णतेला फार हळवे; जानेवारीच्या रात्री मधासारखा दाट वाटलेला सूर मे महिन्यातल्या मुंबईच्या घामट दुपारी घसा धरल्यासारखा तुटक येई. मग ट्रान्झिस्टर बदल, पुन्हा डाख दे. चौथ्या वेळी बोर्डावरचा तांब्याचा ठिपकाच तारेबरोबर उपटून आला, कोवळी खपली निघावी तसा. त्या रात्री फार वाईट वाटलं.

पुढे लॅमिंग्टन रोडवर २.५४ मिलिमीटर अंतराच्या पिनांच्या नर-मादी पट्ट्या हाती लागल्या. आता तारा डबीतच राहतात. बोर्डाला खालून कंगव्यासारखे दाते, वरून अलगद दाबलं की बसतो. इनपुट, आउटपुट, ग्राउंड आणि बॅटरीची दोन्ही टोकं, असा क्रम ठरवला. टोकं वेगळी ठेवली, कारण जुन्या जर्मेनियम सर्किटला धन टोक ग्राउंडवर लागतं आणि माझ्या सिलिकॉनवाल्याला ऋण. कुठलं ग्राउंडला जोडायचं ते ज्या त्या बोर्डानं ठरवावं. मध्यापासून जरा बाजूची एक जादा पिन कापून समोरचं भोक बुजवलं, म्हणजे घाईत बोर्ड उलटा बसायला नको. फझच्या फिरत्या बटणाचा पॉट १ किलोओमचा, आवाजाचा ५००चा, दुसऱ्या सर्किटांचे आणखी निराळे. म्हणून पॉटांच्या तीन-तीन तारांनाही आपापलं सॉकेट दिलं. पायाच्या दणक्यानं दाते सैल होऊन खरखर येऊ नये, यासाठी झाकणाच्या आत फोमचा तुकडा.

हे करताना मनात तंबोरा असतो. घोडीवर तारेखाली सरकवलेला तो सुती धागा, ज्याला आपल्याकडे ‘जीव’ म्हणतात, तो कुणी चिकटवून टाकत नाही. मिरजेच्या कारागिरानं जवारी कितीही निगुतीनं काढलेली असो, गाणारा बैठकीआधी तो धागा केसभर पुढे-मागे करतोच. आणि त्या केसभर जागेत सूर गुंजायला लागतो. फझमधली गुरगुर आणि जवारीतली गुंज यांचं नातं दूरचं असेल, पण दोन्हीकडे हात अजून मोकळा आहे, हे मला सुखावतं. डाखाचा सांधा अधिक भरवशाचा, हे खरंच. उपटलेल्या ठिपक्याचं ते पहिलं पेडल मी तारेचा तुकडा जोडून तसंच ठेवलंय, त्याला पट्ट्या लावायला मन झालं नाही.

परवा उकाडा असह्य झाला तेव्हा डबी उघडून सिलिकॉनचा बोर्ड बसवला. टक् असा आवाज आला. जर्मेनियमचा बोर्ड आजीच्या पानाच्या डब्यात कापसावर निजवला, आणि चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहिलं: थंडीसाठी.