राजाला दिवस गेले

अर्सुला ले ग्विन यांची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' ही कादंबरी १९६९ साली आली. गेली सहा वर्षं मी ती मराठीत करते आहे. छापण्यासाठी नाही, माझ्या वहीत. भाषांतर हा माझा पेशा. दिवसभर करारनामे आणि माहितीपत्रकं असतात. ही वही रात्रीची जेवणं उरकली की उघडते.

कादंबरी घडते गेथेन नावाच्या बर्फाळ ग्रहावर. तिथल्या माणसांना कायमचं लिंग नाही. २६-२८ दिवसांच्या चक्रातले २१-२२ दिवस ती ना बाई असतात ना पुरुष. मग 'केमर'चा काळ येतो. त्यात जोडीतलं एक जण बाई होतं, दुसरं पुरुष, आणि पुढच्या खेपेला याच्या उलटही घडू शकतं. त्यामुळे बाळंतपण कुणाच्याही वाट्याला येतं, अगदी राजाच्याही. कारहाइडचा राजा आर्गाव्हेन गरोदर असल्याची बातमी कादंबरीत येते, तिथे माझं पेन अडलं. 'राजा गरोदर राहिला' असं लिहिलं की वाचणारा हसणार. 'राहिली' लिहिलं की राजाची राणी झाली. दोन दिवस ते वाक्य कोरं ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना एकदम सुचलं: राजाला दिवस गेले. क्रियापद दिवसांचं, राजाशी त्याचा संबंधच नाही. माजघरात बायका हळू आवाजात जे बोलत आल्या, ते सिंहासनावर जसंच्या तसं बसलं.

कल्पनाप्रधान विज्ञानकथांवर आणि अद्भुतकथांवर एक आक्षेप कायम घेतला जातो: कल्पना मोठी, पण माणसं पुठ्ठ्याची. अशा कादंबऱ्या मी खूप वाचल्या आहेत आणि हा आक्षेप बऱ्याचदा खरा असतो. पण दोष कल्पनेला देऊ नये असं मला ठामपणे वाटतं. लेखक तिला दिवाणखान्यात बसवतो, पाहुण्यांशी तिची ओळख करून देतो आणि थांबतो. ती स्वयंपाकघरात गेली पाहिजे, दाराच्या कडीकोयंड्यापर्यंत पोचली पाहिजे. एडविन अॅबटच्या 'फ्लॅटलँड'मध्ये (१८८४) जग फक्त दोन मितींचं आहे. तिथल्या बायका म्हणजे सरळ रेषा. टोकाकडून पाहिलं तर नुसता बिंदू दिसतो आणि धडक बसली तर समोरचा जिवाला मुकतो. म्हणून घराला बायकांसाठी वेगळं दार, आणि चालताना त्यांनी सतत आवाज करत राहायचा असा कायदा. भूमिती अशी थेट उंबऱ्यावर आली की ते जग खरं वाटायला लागतं, आणि बायकांना असं वागवणारा व्हिक्टोरियन समाजही दिसायला लागतो.

ले ग्विनबाईंच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'त (१९६८) जादू म्हणजे वस्तूचं खरं नाव ठाऊक असणं. म्हणून माणसं आपलं खरं नाव लपवतात, आणि ज्याच्यावर जीव टाकावा त्यालाच ते सांगतात. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगणाऱ्या आणि नवऱ्याचं नाव एरवी तोंडातून न काढता उखाण्यातच घेणाऱ्या आपल्या लोकांना ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही.

पुन्हा गेथेनकडे येते. ले ग्विनबाईंनी या माणसांसाठी इंग्रजीतलं पुल्लिंगी सर्वनाम वापरलं. त्यावर खूप टीका झाली. १९७६ मधल्या एका निबंधात त्यांनी आपल्या निवडीचं समर्थन केलं आणि सुमारे दशकभराने त्याच निबंधावर स्वतः टिपा लिहून माघार घेतली. त्याआधी, १९७५ च्या कथासंग्रहात गेथेनवरची एक जुनी कथा घेताना, त्यांनी त्यातल्या सगळ्यांना स्त्रीलिंगी सर्वनाम देऊन पाहिलं, 'राजा' हा शब्द मात्र तसाच ठेवला. आपल्याच गाजलेल्या पुस्तकाशी इतकी वर्षं प्रामाणिकपणे झगडणारी लेखिका मला फार मोठी वाटते.

पण इंग्रजीत हे भांडण सर्वनामापाशी संपतं. मराठीत ते तिथून सुरू होतं. कादंबरीचा बराच भाग जेन्ली आय या पृथ्वीवरच्या माणसाचा अहवाल आहे. त्याला समोरचा प्रत्येक जण पुरुषच दिसतो, तेव्हा त्याचं 'तो' चालून जातं. ती त्याची नजर. मधूनमधून मात्र एस्त्रावेनची रोजनिशी येते. हा गेथेनचाच माणूस, आणि तो 'मी' म्हणून लिहितो. इंग्रजीला 'मी'चं लिंग विचारावं लागत नाही. आपल्याकडे नुसतं उठायचं म्हटलं तरी 'उठलो' की 'उठले' हे आधी ठरवावं लागतं. नपुंसकलिंग घ्यावं, तर ही माणसं लिंगहीन नाहीत, त्यांच्यात दोन्ही शक्यता आहेत, असं कादंबरीच सांगते.

पहिल्या खर्ड्यात मी पळवाट काढली. 'मला जाग आली. मला थंडी वाजली. मला रडू आलं.' लिंग दिसेनासं झालं, पण चार पानांनी वाचून पाहिलं तर एस्त्रावेन खचून गेलेला. त्याला सगळं नुसतं होतंय, तो काही करतच नाही. आणि हा तर आयला तुरुंगातून पाठीवर घेऊन पळणारा, शिधा चोरून आणणारा, ८०० मैलांच्या आसपास बर्फ तुडवणारा माणूस. ती सगळी पानं मी फाडली.

दुसऱ्या खर्ड्यात शाळेतला कर्मणी प्रयोग कामी आला. 'मी तंबू ठोकला. मी स्लेज ओढली. मी स्टोव्ह पेटवला.' ठोकला तंबूमुळे, ओढली स्लेजमुळे. ओढणारा कोण, ते क्रियापद सांगत नाही. राबणाऱ्या माणसाचं क्रियापद कामाशी जुळतं! मराठीत इतकी वर्षं वावरून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. 'जेवलो' टाळून 'दोन घास खाल्ले', 'प्यायलो' टाळून 'पाणी घेतलं' असं करत एस्त्रावेन माझ्या वहीत पुन्हा ताठ उभा राहिला.

बर्फावरच्या तंबूत एस्त्रावेनचा केमर येतो, तो बाईचा. इतके दिवस जे पाहायचं टाळलं, ते आयला तिथे पाहावंच लागतं. तिथून पुढे माझ्या वहीत आय 'तो' म्हणणं सोडतो आणि फक्त नाव घेतो. मुळात तसं नाही. तरी ते मी तसंच ठेवणार आहे.

शेवटी अडली ती जाण्या-येण्याची क्रियापदं. 'मी बर्फ तुडवलं' म्हणता येतं, पण 'आलो-आले'ला कर्म कुठून आणायचं? इथे मला माझी आजी आठवली. आमचं गाव कोल्हापूरकडचं. आमच्याकडच्या बायका सर्रास 'मी आलो, मी जातो' म्हणतात. पुण्यात कॉलेजला गेल्यावर माझ्या 'मी आलो'ला वर्ग हसला. महिन्याभरात मी 'आले' म्हणायला शिकले आणि आजतागायत तेच म्हणते. आजी मात्र संध्याकाळी रानातून यायची, डोक्यावरचा भारा गोठ्यापाशी टाकायची आणि ओरडायची, "आलो गं!" त्या 'आलो'त पुरुष कुठेच नव्हता.

गेल्या महिन्यात रोजनिशीची ती सगळी पानं मी नव्याने उतरवली. एस्त्रावेन दिवसभर स्लेज ओढतो, तंबूचं दार बांधतो, चिमूटभर उरलेला शिधा मोजतो आणि लिहितो: आज इथवर आलो.