सामाईक नौका

जन्मभर ज्यानें शब्दरूपें आणि संधि शिकविले, त्या निवृत्त शिक्षकानें शिडाच्या नौकेविषयीं लिहावयास बसावें, हें पुष्कळांस विनोदाचें वाटेल. त्यांतून समुद्रयान हें बौधायन धर्मसूत्रांत पतनाच्या कारणांमध्यें गणिलेलें. तेव्हां आमच्यासारख्यास प्रथम धर्मशास्त्राचीच परवानगी काढावयास हवी. परंतु ज्या जलाशयावर आम्ही गेल्या उन्हाळ्यांत हिंडलों, त्याचें पाणी गोडें आहे. तो समुद्र नव्हे, सरोवर आहे. आणि सरोवरयानाचा निषेध निदान आमच्या तरी वाचनांत नाहीं. एवढी पळवाट काढून घेतल्यावर मुख्य विषयाकडे वळतों.

आमचे दोघे चिरंजीव अमेरिकेच्या उत्तर भागांत असतात; थोरला मिनिॲपोलिस येथें व धाकटा डुलूथ येथें. सहा वर्षांपूर्वीं दोघांनीं मिळून शिडाची एक जुनी नौका विकत घेतली. निम्मे पैसे एकाचे, निम्मे दुसऱ्याचे. नौका तीस फूट लांबीची, फायबरग्लासची, आणि वयानें आमच्या थोरल्याच्या बरोबरीची आहे. सुपीरिअर सरोवराच्या दक्षिण तीरावर, विस्कॉन्सिन संस्थानांतील बेफील्ड या लहानशा गांवीं, ती धक्क्यास बांधलेली असते. आम्ही उभयतां गेल्या मे महिन्यांत तिकडे गेलों, ते ऑक्टोबरांत परतलों. त्यामुळें ती पाण्यांत उतरतांना आम्हीं पाहिली व पाण्याबाहेर निघतांनाही पाहिली. या पांच महिन्यांत आम्हांस जें दिसलें, तें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस उपयोगाचें वाटेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुपीरिअर हें नांव ऐकून 'श्रेष्ठ सरोवर' असा अर्थ मनांत येतो. परंतु फ्रेंच लोकांनीं तें ठेविलें, तें 'वरच्या अंगाचें सरोवर' एवढ्याच अर्थानें. तेथील मूळच्या ओजिब्वे लोकांचें 'गिचिगामी', म्हणजे महाजलाशय, हें नांव आम्हांस अधिक यथार्थ वाटलें. त्याचें क्षेत्रफळ ८२,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चतुर्थांशाहून अधिक. आणि सर्वांत खोल ठिकाणीं पाणी ४०६ मीटर. तीरावर उभें राहिलें असतां पलीकडचा कांठ दिसत नाहीं, लाटा खडकांवर फुटत असतात, आणि तेंच पाणी जिभेस लावावें तर गोड लागतें! आमच्या सौभाग्यवतींचें या गोष्टीचें नवल शेवटपर्यंत ओसरलें नाहीं. परंतु या गोड्या पाण्याचा स्वभाव गोड नव्हे. १९७५ सालच्या १० नोव्हेंबर रोजीं 'एडमंड फिट्झजेराल्ड' नांवाचें २२२ मीटर लांबीचें जहाज, सुमारे २६,००० टन लोहखनिज घेऊन जात असतां, वादळांत बुडालें. त्यावरील २९ माणसांपैकीं एकही वांचलें नाहीं. त्या प्रांतीं नौका बाळगणारा मनुष्य ही तारीख विसरत नाहीं.

बेफील्डच्या समोर ॲपोसल नांवाचा बेटांचा समूह आहे. एकंदर बेटें २२. त्यांपैकीं २१ बेटें १९७० सालीं स्थापन झालेल्या संरक्षित राष्ट्रीय तीरांत मोडतात. दाट अरण्य, तांबूस वालुकाश्माचे कडे, त्यांत लाटांनीं कोरलेल्या गुहा, आणि टोंकाटोंकांवर जुनीं दीपगृहें. सकाळीं रेडिओवर वाऱ्याचा अंदाज ऐकावयाचा, नकाशा पसरावयाचा, आणि वारा ज्या दिशेचा त्याच्या उलट अंगास ज्या बेटाचा आडोसा मिळेल तेथें रात्रीचा नांगर टाकावयाचा, हा तेथील नित्यक्रम. जूनमध्यें रात्रीं साडेनऊपर्यंत उजेड असतो. त्यामुळें सायंसंध्या केव्हां करावी हा प्रश्न आम्हांस रोज पडे.

त्या नकाशावरील एक गोष्ट येथें सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. भोजराजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' ग्रंथांत असें सांगितलें आहे कीं, समुद्रांत जाणाऱ्या नौकेच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत. कारण पाण्यांतील लोहचुंबकाचे खडक तिला ओढून घेतात. हें सांगितलें कीं ऐकणारे हंसत, व आम्हीही हंसत असूं. परंतु या सरोवराच्या उत्तर तीराकडील खडकांत लोह आहे, आणि तेथें होकायंत्राची सुई भलतीकडे वळते अशी सूचना नकाशावर चक्क छापलेली आम्हीं वाचली. खडक नौकेस ओढीत नाहींत, सुईस मात्र ओढतात. भोजराजाचा शब्द सर्वस्वीं वायां गेला नाहीं, याचा आम्हांस फार संतोष वाटला.

असो. हिंडण्याचा आनंद मोठा खरा. परंतु नौकेचें बहुतेक आयुष्य पाण्यांत जातच नाहीं. मेच्या अखेरीस ती पाण्यांत उतरते, ऑक्टोबरांत वर येते, आणि बाकीचे सात महिने लोखंडी टेकूंवर, आच्छादनाखालीं, बर्फांत काढते. आपल्या कोंकणांत पावसाळ्यापूर्वीं होड्या किनाऱ्यावर ओढून झांपांखालीं ठेवतात आणि नारळी पौर्णिमेस दर्यास नारळ देऊन पुन्हां लोटतात. तोच हा नेम, फक्त पावसाच्या जागीं हिंवाळा. तेथें नौकेचा वैरी वादळ नव्हे, तर तिच्या पोटांत राहिलेलें तांब्याभर पाणी. पाणी गोठतांना शेंकडा ९ नें फुगतें, आणि तें ज्या नळींत असेल ती नळी फोडतें. म्हणून हिंवाळ्यापूर्वीं एंजिन, टाक्या, पंप, मोरी या सर्वांतून पाणी काढून त्यांत न गोठणारा गुलाबी द्राव भरावा लागतो. वसंतांत पुन्हां सगळें उलट. तळ घांसून रंगवावयाचा, अंगास मेण लावून चमक आणावयाची, सागवानी कठड्यांस वार्निश द्यावयाचें, डोलकाठीस ताणून धरणारी प्रत्येक तार बोटांनीं चांचपून पाहावयाची. एक तंतु तुटलेला हातास लागला, तर ती तार बदलावयाची. एंजिनाच्या पंपांत पाणी खेंचणारें एक रबरी चक्र असतें, मुठींत मावेल एवढें. तें दर वर्षीं नवें घालावयाचें.

पाण्याखालील पंख्याच्या दांड्यावर मॅग्नेशिअम धातूचा एक तुकडा बसवितात. (समुद्रांत जस्ताचा बसवितात, गोड्या पाण्यांत हा.) पाण्यामुळें धातूंची जी झीज व्हावयाची ती हा तुकडा आपल्या अंगावर घेतो, आणि पंखा शाबूत राहतो. हें ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, "असा एक तुकडा घरोघरीं असतो. पण तो झिजला हें कोणी पाहत नाहीं." आम्हीं या वाक्यावर भाष्य करण्याचें टाळलें.

आतां मूळ गोष्ट. पहिलीं चार वर्षें हीं सर्व कामें दोघे भाऊ मिळून करीत. पुढें थोरल्याच्या नोकरीचा व्याप वाढला. त्याच्या गांवाहून बेफील्ड मोटारीनें चार तासांवर, धाकट्याच्या गांवाहून दोन तासांहून कमी. तेव्हां थोरल्यानें आपल्या वांट्याचीं कामें धक्क्यावरच्या कारागिरांकडून पैसे देऊन करून घ्यावयास आरंभ केला. धाकटा आपल्या वांट्याचीं स्वतःच्या हातांनीं करीत राहिला. वरवर पाहतां यांत अन्याय कोणताच नव्हता. एकाचा पैसा, एकाचा घाम. परंतु घामास वाटूं लागलें कीं पैसा सुखांत आहे, आणि पैशास वाटूं लागलें कीं घाम उगाच उपकाराची भाषा करतो. उघड कोणीच कांहीं बोललें नाहीं. जूनमध्यें एके दिवशीं जेवतांना धाकटा म्हणाला, "दादा, यंदांचा हंगाम संपला कीं नौका विकून टाकूं."

थोरल्यानें ताटावरून मान वर केली नाहीं. "तुझी मर्जी. माझा हिशेब चोख आहे."

दोघां भावांच्या मध्यें 'हिशेब' हा शब्द आला, कीं नौकेपेक्षां मोठी वस्तु विकावयास निघाली, हें आमच्या वयाच्या माणसास सांगावें लागत नाहीं. दोघीही सुना पानांत कांहीं तरी वाढण्याच्या निमित्तानें उठल्या.

जुलैंत आम्ही सगळे तीन दिवसांच्या सफरीस निघालों. स्टॉकटन बेटाजवळ दुपारीं धुकें आलें. त्या थंड पाण्यावर उबदार, दमट हवा आली कीं धुकें असें दाटतें, कीं नौकेच्या मागील अंगास बसलेल्यास पुढची नाळ दिसूं नये. वाराही पडला. एंजिन सुरू केलें, तों पांच मिनिटांत धोक्याची शिटी वाजूं लागली. एंजिन तापलें होतें; मागून जी पाण्याची धार पडावयाची ती पडत नव्हती. एंजिन बंद करावें लागलें. पाणी तेथें नांगर धरण्याइतकें उथळ नव्हतें, आणि पडद्यावरील नकाशांत दिसत होतें कीं नौका एका खडकाळ टोंकाकडे हळूहळू सरकत आहे. धुक्यांतून लाटा खडकावर आपटण्याचा आवाज येऊं लागला. सौभाग्यवतींनीं आमचा हात धरला. त्यांच्या हातास घाम होता.

त्या वेळीं दोघे भाऊ तीन वर्षांमागचे झाले. एक शब्द न बोलतां थोरल्यानें सुकाणू धरलें, धाकट्यानें पुढचें मोठें शीड सोडलें. वाऱ्याची जी काय झुळूक होती ती त्यानें शिडाचा कांठ हातांत धरून अक्षरशः वेंचली. आमची तेरा वर्षांची नात शिंग घेऊन बसली: एक लांब आवाज आणि दोन आंखूड, दर दोन मिनिटांस, धुक्यांत शिडाच्या नौकेनें असाच आवाज द्यावा असा तेथील नियम आहे. मैलभर अंतरास दोन तास लागले. पण बेटाच्या दक्षिणेकडील वाळूच्या उपसागरांत आम्ही नांगर टाकला.

मग एंजिन उघडलें. पंपांतील रबरी चक्राच्या सहा पाकळ्यांपैकीं चार तुटलेल्या होत्या. तें त्या वर्षीं बदललेंच नव्हतें. थोरल्याची समजूत, बारीकसारीक तें धाकटा करतोच. धाकट्याची समजूत, एंजिनाचें तें दादानें दिलेल्या कामांत आलें असेल. आणि दोघांनीं एकमेकांस विचारलें नव्हतें; कारण विचारणें म्हणजे हिशेब मागणें, असें आतां झालें होतें. तुटलेल्या पाकळ्या नळींत अडकून राहिल्या तर नवें चक्रही निरुपयोगी. म्हणून विजेरीच्या उजेडांत चारही शोधावयाच्या होत्या. तीन सांपडल्या. चौथी नातीनें चिमट्यानें वांकणांतून काढली, तेव्हां रात्रीचे अकरा वाजले होते.

चहा पितांना कोणीच बोलेना. तेव्हां सौभाग्यवती म्हणाल्या, "आपल्या विहिरीचं काय झालं, तें सांगा ना यांना."

आम्हीं सांगितलें. कोंकणांतील आमच्या घरीं आजोबांच्या पश्चात् वांटण्या झाल्या. विहीर तेवढी सामाईक राहिली. पूर्वीं दर वैशाखांत घरचे पुरुष विहिरींत उतरून गाळ काढीत, बायका व मुलें टोपल्या वाहून नेत, आणि त्या दिवशीं सर्वांचें जेवण एका पंक्तीस होई. वांटण्यांनंतर सर्वांनीं ठरविलें कीं, गडी लावावेत आणि खर्च सारखा वांटून घ्यावा. खर्चास एकानेंही नाहीं म्हटलें नाहीं. परंतु गड्यांस बोलावणें कोणीं धाडावें, दिवसभर उभें कोणीं राहावें, हें कोणाच्याच वांट्यास आलें नव्हतें. चार वर्षांत तें पाणी पिण्याजोगें राहिलें नाहीं. पैसे मात्र सर्वांचे तयार होते.

"म्हणजे माझंच चुकलं तर," थोरला म्हणाला.

"दादा, मी तरी कुठं विचारलं?" धाकटा म्हणाला.

आम्ही त्यावर कांहींच बोललों नाहीं. पाठ सांगून झाल्यावर गुरुजींनीं वर्गांत फार वेळ उभें राहूं नये, एवढें आम्हांस अनुभवानें कळतें.

पुढची व्यवस्था दोघी सुनांनीं लाविली. केबिनमध्यें एक जाड वही ठेवून तींत वर्षाचीं सगळीं कामें लिहिलीं, आणि प्रत्येक कामापुढें दोन नांवें घातलीं: एक या घरचें, एक त्या घरचें. वसंतांतले दोन व शरदांतले दोन शनिवार-रविवार दोन्ही घरांनीं एकत्र धक्क्यावर काढावयाचे. जें काम खरोखरच हातचें नाहीं, म्हणजे डोलकाठी उतरविणें, यारीनें नौका उचलणें, तें कारागिरांनीं करावें. परंतु तेंही दोन्ही घरांपैकीं कोणी समोर असतांना. "वहिनी, हें तर शाळेचें वेळापत्रक झालें," म्हणून धाकट्यानें थट्टा केली. पण आपल्या नांवापुढें सही केली.

ऑक्टोबरांत नौका वर काढली त्या दिवशीं हवा गोठण्याच्या बेतांत होती. दोघे भाऊ एंजिनाशीं, सुना शिडें धुऊन घडी घालण्यांत, मुलें दोरांच्या वेटोळ्या बांधण्यांत. आमच्याकडे गुलाबी द्राव ओतण्याचें काम होतें. मागच्या नळींतून तो रंग बाहेर पडेपर्यंत ओतावयाचा. म्हणजे आंत पाण्याचा थेंब उरला नाहीं असें समजावें. नातीनें रबरी चक्र काढून घेतलें आणि वहींत तारीख टाकली. दोन प्रहरीं सर्वांनीं धक्क्यावरच दशम्या व चटणी खाल्ली.

नौका यंदां विकली नाहीं. ती कायमची राहील असेंही आम्ही म्हणत नाहीं. मुलें मोठीं होतील, नोकऱ्या बदलतील, आणि एके दिवशीं कदाचित् ती विकावीही लागेल. सामाईक वस्तु जन्मभर राहिलीच पाहिजे असा कांहीं शास्त्रार्थ नाहीं. परंतु ती विकावयाची झाल्यास दोघांनीं एकत्र बसून विकावी. हिशेब चोख ठेवून मनें गढूळ झाल्यामुळें विकूं नये. आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं अजून अशी एखादी वस्तु असेल: गांवचें घर, त्याचें कौलारू छप्पर, कुलदेवतेचा वार्षिक उत्सव, एखादी विहीर. तिचा खर्च कोण देतो हें बहुधा लिहिलेलें असतेंच. तिच्यापाशीं वर्षांतून एक दिवस सर्वांनीं हात मळविण्याचा नेम अजून चालू आहे कीं नाहीं, एवढें ज्यानें त्यानें आपापल्या घरीं विचारून पाहावें.