पौंडेजची घाई नको

चि. सोनू,


तू पाठवलेले व्हिडिओ पाहिले, टार्गेटचे फोटोही पाहिले. फोटो तू हौसेने काढले आहेस, पण मला त्यांचा फारसा उपयोग नाही. बाण कुठे लागला ते फोटोत दिसतं, तिथे का गेला ते दिसत नाही. ते तुझ्या खांद्यात, हनुवटीखाली आणि बोटांत शोधावं लागतं. तुझा प्रश्न असा की, बाण सारखे डावीकडे जातात आणि बरोबरीच्या मुली 26 पौंडांवर गेल्या, तर मीही पौंडेज, म्हणजे धनुष्य ओढायला लागणारा जोर, वाढवू का? सरळ सांगते, नको. उलट चार पौंड खाली ये.

कारण तुझ्याच व्हिडिओत आहे. स्ट्रिंग ओढायला लागलीस की डावा खांदा कानाकडे चढतो, कंबर पुढे सरकते आणि हात हनुवटीपर्यंत येईना म्हणून तू हनुवटीच हाताकडे नेतेस. म्हणजे धनुष्य तुला ओढतंय. खांदा खाली ठेवून, दंडाने नव्हे तर पाठीच्या स्नायूंनी ओढून, स्ट्रिंग हनुवटीला लावून चार-पाच सेकंद न थरथरता थांबता येईल, तेवढंच पौंडेज आज तुझं. तुझ्या वयाच्या नवशिक्या मुलीला 16 ते 20 पौंड पुष्कळ झाले. पौंडेज हा मैदानावर उगाच मानाचा विषय होऊन बसलाय, आणि खेळाडूंपेक्षा कट्ट्यावर बसलेल्या पालकांमध्ये जास्त.

आता हनुवटीचं. सर तुला 'अँकर पक्का कर', म्हणजे ओढलेला हात दर वेळी हनुवटीखाली त्याच जागी टेकव, म्हणून ओरडतात ना, त्यामागचा हिशेब मांडून बघ, गणित तुझं चांगलं आहे. तुझा बाण साधारण 70 सेंटिमीटर लांब. तुझ्या रिकर्व्ह धनुष्याची मोठी स्पर्धा 70 मीटरवर, म्हणजे बाणाच्या बरोबर शंभर पट अंतर. तेव्हा बाणाचं मागचं टोक हनुवटीखाली एक मिलिमीटर जरी वर-खाली झालं, तरी तिकडे फरक पडतो शंभर मिलिमीटरचा, म्हणजे दहा सेंटिमीटर. तिथल्या 122 सेंटिमीटरच्या टार्गेट फेसवर दहाचं वर्तुळ अवघं 12.2 सेंटिमीटरचं. मध्यापासून कडेपर्यंत जेमतेम सहा. एका मिलिमीटरमध्ये दहा हातचा गेला! तू आज 20 मीटरवर मारतेस, तिथे हाच फरक तीन सेंटिमीटरच्या आत राहतो, म्हणून तो तुला खुपत नाही. पण सवय आत्ताच लागते. तर्जनी जबड्याच्या हाडाखाली घट्ट टेकलेली, स्ट्रिंग हनुवटीला आणि नाकाच्या शेंड्याला लागलेली, दात मिटलेले. तोंड उघडं राहिलं की जबडा खाली येतो आणि अँकरही त्याच्याबरोबर खाली येतो. तिसऱ्या व्हिडिओत तू बोलत बोलत बाण सोडला आहेस, तो वर का गेला हे आता कळलं असेल.

बाण डावीकडे जाण्याचं मुख्य कारण उजव्या हाताची बोटं. पाण्याने भरलेली बादली उचलताना बोटं कडीला आकड्यासारखी अडकतात आणि मनगट, पंजा सैल राहतो, तशी बोटं स्ट्रिंगला अडकव, पहिल्या सांध्याच्या घडीत, एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली. बादली खाली टाकायची झाली तर तू बोटं ताठ करून फाकवत नाहीस, नुसती ढिली सोडतेस. तू स्ट्रिंग सोडताना मात्र बोटं झटकून उघडतेस आणि हात गालापासून बाहेर उडतो. त्या झटक्याने स्ट्रिंग आधी बाजूला जाते आणि मग पुढे. पाठीचा ताण शेवटपर्यंत चालू राहिला तर सुटलेला हात आपोआप मानेला घासत कानामागे जातो. मुद्दाम नेऊ नकोस, तो खोटेपणा लगेच दिसतो.

डाव्या हाताचंही थोडं तसंच. ग्रिप आवळू नकोस, दाब फक्त अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या गादीवर हवा. धनुष्य पडेल या भीतीने मूठ मिटते, त्यासाठी सरांकडून फिंगर स्लिंग मागून घे.

हे सगळं टार्गेटकडे बघत सुधारत नाही. अर्जुनाला फक्त पोपटाचा डोळा दिसला ही गोष्ट आजोबांनी तुला सांगितली असेलच. गोष्ट छान आहे, पण ती द्रोणाचार्यांच्या परीक्षेची, पहिल्या महिन्यातल्या शिकवणीची नाही. तू फेस काढून टाक. सरांना विचारून कोऱ्या बटसमोर, म्हणजे बाण रुततात त्या नुसत्या गादीसमोर, चार-पाच मीटरवर उभी राहा आणि एका दिवशी एकाच गोष्टीकडे लक्ष दे. आज फक्त अँकर, उद्या फक्त बोटं. कंटाळवाणं आहे, मान्य, पण याला दुसरी वाट मला तरी माहीत नाही. आणि ओढल्यावर काही बिनसलंय असं वाटलं तर बाण न सोडता खाली घे. सामन्यात एका बाणाला 20 सेकंद मिळतात, उतरवून पुन्हा ओढायला तेवढे पुरतात. पण बाण न लावता रिकामी स्ट्रिंग कधीही सोडू नकोस, लिम्ब्ज, म्हणजे धनुष्याच्या दोन्ही पात्या, तडकतात. घरी सरावाला रबरी बँड आहे.

फेस परत लावलास की दहा शोधू नकोस, ग्रुप शोध. सहाच्या सहा बाण निळ्यात एकमेकांना चिकटून बसले तर ते मला एक पिवळ्यात आणि पाच रानोमाळ यापेक्षा कितीतरी आवडेल. ग्रुप जमला की मग साइट हलव, बाण जिकडे गेलेत तिकडेच. विखुरलेल्या बाणांवर साइट फिरवणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

अदिती स्वामीचा बर्लिनमधल्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना तू सारखा बघतेस, असं ताई म्हणाली. अवश्य बघ. ऑगस्ट 2023, वय 17, आणि 15 बाणांत 149 गुण, म्हणजे 14 दहा आणि एक नऊ. त्याच दिवशी ओजस देवतळेने 150 पैकी 150 केले. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत सरांच्या हाताखाली तयार झालेले. पण ती कंपाउंडची माणसं आहेत. त्यांच्या धनुष्याला चाकं, साइटला भिंग, हातात स्ट्रिंग सोडणारं रिलीज. बोटांनी स्ट्रिंग सोडणं त्यांच्याकडून तुला शिकता येणार नाही. तू एक कर. आवाज बंद करून, टार्गेटकडे न बघता फक्त अदितीकडे बघ, आणि तिच्या पहिल्या बाणात आणि शेवटच्या बाणात काही फरक सापडतो का ते मला कळव.

पुढचा व्हिडिओ तुझ्या पाठीमागून, बाणाच्या रेषेत मोबाईल धरून काढायला सांग. मला उजवं कोपर दिसलं पाहिजे. ते पाहून पौंडेजचं ठरवू. तोपर्यंत ताईला माझा निरोप दे, पौंडेज वाढवायला नवे लिम्ब्ज विकत घेऊ नकोस म्हणावं.

तुझी,
मावशी