दुसऱ्याचं पत्र

१९९४ साली आम्ही पुण्यात नव्या घरी राहायला आलो, तेव्हा मी सहावीत होतो. आमच्या आधी तिथे राहणाऱ्या आजी मुलाकडे नागपूरला गेल्या होत्या. पण त्यांची पत्रं आमच्याच दारात यायची. बाबा पाकीट न उघडता जुना पत्ता खोडून नवा लिहायचे. पिनकोडसुद्धा ४११ चा ४४० करायला विसरत नसत. मग पत्र परत पेटीत! वेगळं तिकीट लावावं लागत नसे.

एकदा पाकिटावरचं तिकीट फारच सुंदर होतं. माझ्या वहीत ते नव्हतं. मी कोपरा ओला करून तिकीट अलगद सोडवलं. पत्र तर आतच आहे, मग काय बिघडलं?

दुसऱ्या दिवशी पाकीट पोस्टमनकाकांच्या हातात दिलं, तर ते म्हणाले, "अरे, तिकीट कुठंय? आता हे बैरंग झालं. आजींना दुप्पट पैसे पडतील. त्यांनी नाही घेतलं तर जाईल परत."

माझा चेहरा उतरला. कुणीतरी आठवण काढली होती, हे आजींना कळलंच नसतं!

मी साठवलेल्या पैशांतून नवं तिकीट आणून चिकटवलं आणि आजींना पोस्टकार्ड लिहून सगळं कबूल केलं.

पंधरा दिवसांनी माझ्या नावानं पाकीट आलं. आत जुनी तिकिटं होती, आणि एक ओळ : 'मागितली असतीस, तर आधीच दिली असती.'

मुलांनो, नवा पत्ता माहीत नसेल तर पाकिटावर 'येथे राहत नाहीत' असं लिहा आणि ते पोस्टमनकडे परत द्या. उघडू मात्र नका!