खळ घातलेली इंग्रजी

इंग्रजी शब्दकोशात एक गंमत आहे. साधं, सरळ बोलणाऱ्यासाठी तिथे मोजके शब्द, पण जो जरा जास्त औपचारिक, जास्त पुस्तकी बोलतो त्याला चिडवायला ढीगभर! पेडँटिक, स्टिल्टेड, स्टफी, स्टार्ची, पॉम्पस, बुकिश... यादी बरीच लांबते. निवृत्तीनंतर दुपारच्या वेळी शब्दकोश चाळायचा मला नाद लागला आहे (कुणी भिशी लावतं, मी हे करते). या शब्दांची कुळं शोधण्यात काही दिवस मजेत गेले. मग जरा अस्वस्थ झाले. का, ते सांगते.

यातले बरेच शब्द कपड्यांच्या कपाटातून आलेत. 'स्टार्ची' म्हणजे खळ घातलेलं. सुती साडीला खळ जास्त झाली की ती अंगाला धरत नाही, उभीच राहते, तसं बोलणं. 'बॉम्बास्ट' हा तर मुळात कापूस! कपड्याला फुगवटा यावा म्हणून तो आत भरत असत, तिथून तो फुगवलेल्या भाषेला चिकटला. 'फस्टियन' हे जाडंभरडं कापड, त्याचाही पुढे अर्थ झाला पोकळ डौलाची भाषा. 'स्ट्रेट-लेस्ड' मधला स्ट्रेट म्हणजे सरळ नव्हे, आवळलेला. चोळीच्या नाड्या घट्ट आवळाव्यात तसा माणूस. दोन्ही 'स्ट्रेट'ची स्पेलिंगं वेगळी आहेत, आणि हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, यावरून माझी जात ओळखा.

कारण 'पेडंट' या शब्दाचा जुना अर्थच मुळी शाळामास्तर! इटालियनमधून, फ्रेंचच्या वाटेने तो सोळाव्या शतकात इंग्रजीत आला आणि बघता बघता धंद्याच्या नावाची टवाळी झाली. शेक्सपिअरच्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट'मध्ये होलोफर्निस नावाचा असाच एक मास्तर आहे, लॅटिन पाजळणारा. त्याच नाटकात सत्तावीस अक्षरी 'ऑनॉरिफिकॅबिलिट्युडिनिटॅटिबस' हा शब्द येतो. तो मात्र मास्तर बोलत नाही, विदूषकी गडी कोस्टर्ड बोलतो. म्हणजे चेष्टा करणाऱ्यालाही शब्द पाठ होताच की!

मराठीत याला नेमका प्रतिशब्द मला मिळाला नाही. समर्थांनी दासबोधात 'पढतमूर्ख' सांगितला आहे, पण तो वेगळा. त्याचं शिकणं आणि वागणं जुळत नाही, हा त्याचा दोष. शब्दांचा कीस काढणं, काथ्याकूट करणं, हे वादाबद्दल झालं. भाषेला आपण बोजड म्हणतो, जडजंबाल म्हणतो, पण तो भाषेला दिलेला दोष असतो. बोलणाऱ्याच्या कपड्यांपर्यंत आपण जात नाही.

इंग्रज मात्र गेले. 'बाबू इंग्लिश' हा शब्द त्यांनी आपल्यासाठीच काढला. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात 'बाबू' शब्दाला आलेला तुच्छतेचा वास नोंदलेला आहे. पुढे १८९७ मध्ये एफ. अँस्टी या विनोदी लेखकाचं एक पुस्तक आलं, त्याचं नाव 'बाबू जबरजी, बी.ए.'. लंडनला बॅरिस्टर व्हायला गेलेला बंगाली तरुण आणि त्याची फुगीर इंग्रजी, एवढाच विनोद. त्या नावातलं 'बी.ए.' मला टोचलं. मीही बी.ए.च आहे, आणि तेही मराठी माध्यमातून.

आता त्या बाबूची बाजू बघा ना. कॉलेजात त्याच्या हातात शेक्सपिअर, मिल्टन, बर्क दिले गेले. घरात इंग्रजी बोलणारं कुणी नाही, गल्लीत नाही, बाजारात नाही. जी भाषा छापलेली मिळाली ती त्याने घोकली. आमचंही तेच. पाचवीत एबीसीडी सुरू, मग तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, मग रेन अँड मार्टिन. इंग्रजीत भांडण कसं करतात, जेवायला कसं बोलावतात, हे आमच्या कानावर कधी पडलंच नाही. अर्ज कसा करतात, ते मात्र पक्कं ठाऊक.

माझा एक विद्यार्थी होता. वडील हमाली करायचे, मुलगा अक्षराने आणि डोक्याने सुरेख. इंजिनिअर होऊन पुण्यात एका कंपनीत लागला. पहिल्याच महिन्यात त्याने वरिष्ठांना रजेसाठी ईमेल लिहिली, 'आय हम्बली बेग टू स्टेट' अशी सुरुवात करून. ती मेल सगळ्या ऑफिसात फिरली. पुढे कितीतरी दिवस लोक त्याला पाहिलं की वाकून 'हम्बली बेग' म्हणायचे. मीटिंगमध्ये तो बोलेनासाच झाला. दिवाळीत घरी आला तेव्हा त्याने त्या मेलचा कागद माझ्यासमोर ठेवला. "बाई, तुम्ही तपासा. यात चूक कुठंय?"

मी लाल पेन घेऊन शब्दन् शब्द तपासला. चूक नव्हती. एका स्वल्पविरामाचीसुद्धा नाही. दहापैकी दहा.

त्याला मी तेव्हा 'स्टिल्टेड' या शब्दाबद्दल सांगू शकले असते तर बरं झालं असतं, पण माझा शब्दकोशाचा नाद नंतरचा. 'स्टिल्ट्स' म्हणजे पायाला बांधायच्या उंच काठ्या. अशा काठ्यांवरून चालल्यासारखी अवघडलेली भाषा ती स्टिल्टेड. पण फ्रान्सच्या लांद भागातले मेंढपाळ एकोणिसाव्या शतकात खरोखरच अशा काठ्यांवर चालत. मिरवायला नव्हे. खाली दलदल होती, आणि कळपावर लांबून नजर ठेवायची होती.

आणि एक. ज्यांच्या घरची ही भाषा, ते तरी कुठे सुटले होते? सरकारी कागद लोकांना कळावेत म्हणून अर्नेस्ट गॉवर्स यांच्याकडून ब्रिटिश सरकारने १९४८ मध्ये 'प्लेन वर्ड्स' हे पुस्तक लिहवून घेतलं, आपल्याच साहेबलोकांसाठी! त्याआधी १९४४ मध्ये अमेरिकेत मॉरी मॅव्हरिक यांनी कचेरीतल्या अगम्य भाषेला 'गॉबल्डिगूक' असं नाव दिलं, टर्की पक्ष्याच्या ओरडण्यावरून. पण साहेब अवघड लिहितो तेव्हा त्याला सोपं लिहायला शिकवणारं पुस्तक निघतं. बाबूने लिहिलं की विनोदी पुस्तक!

असो. तो मुलगा आता त्याच कंपनीत वरच्या पदावर आहे, आणि फटाफट 'हाय टीम' लिहितो. मागच्या आठवड्यात मला पेन्शनच्या कामासाठी बँकेला पत्र लिहायचं होतं, तेव्हा मसुदा त्याला फोनवर वाचून दाखवला. 'रिस्पेक्टेड मॅडम'पासून 'युवर्स फेथफुली'पर्यंत त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, काही बदलू नका," म्हणाला, "मी टाइप करून देतो."